सकुबाई गोड बोलली

सकुबाईच्या तोंडाला अख्खा पाडा वचकून असे. डोळखांबच्या वरच्या अंगाला, डांबर संपून तांबडी माती सुरू होते तिथं तिचं घर, आणि तिथून खाली शाळेपर्यंत तिचा आवाज जायचा. मास्तर एखाद्या दिवशी उशिरा येतील, पण सकाळचं पहिलं "गिरजेऽऽ" कधी उशिरा आलं नाही. एस.टी.चा कंडक्टर, रेशनवाला, मतं मागायला येणारे पांढऱ्या कपड्यांतले लोक, कुणालाही तिनं सोडलेलं नव्हतं. सुनेला कशी सोडणार?

गिरजा तिची एकुलती एक सून, किन्हवलीकडची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच सकाळी चुलीचा धूर झाला, तेव्हा सासू दारातून म्हणाली, "आयशीच्या घरी चूल नव्हती काय गो? का रानाला वणवा लावून त्याच्यावर शिजवत होतात?" तिथून जो तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबला नाही. भाकरीचे काठ फाटले म्हणून, झाडू उभा ठेवला म्हणून, मनस्वीची वेणी सैल घातली म्हणून. मनस्वी म्हणजे गिरजाची पोर, आताच शाळेत जायला लागलेली. आजीच्या शिव्या तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या होत्या.

गिरजा बोलायला कमी. बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात, त्यातली ही गहूवाली. पण तिचे कान चांगले होते. सासूचा आवाज चढला की काही नसतं, तो खाली आला की खरा राग, हे तिला कधीच कळलं होतं. आणि शिव्यांच्या मधोमध ताटात भाताचा डोंगर वाढलेला असायचा: "गिळ. नायतर तुझी आय म्हणेल, सासूनं वाळवून मारली." अशा बाईचा राग करावा तरी कसा? गिरजानं तो कधी केला नाही, पण हे ती कुणाला बोललीही नव्हती.

दिवाळी सरली आणि भात कापणीला आला. कापताना सकुबाईच्या हातातला विळा ओल्या मुठीवरून सटकला आणि नडगीवर बसला. तिनं बांधावरचा दगडीपाला उपटला, तळहातावर चोळला, जखमेत भरला आणि वर लुगड्याची चिंधी बांधून पुन्हा कापायला वाकली. पाल्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच पाल्यानं पाड्यातल्या कितीतरी जखमा आजवर भरल्यात. पण ही जखम खोल होती, आणि वावरात अजून चिखल होता. तो चिखल त्या पायानं दिवसभर तुडवला.

पाय सुजला. लाली घोट्यावरून गुडघ्याकडे चढली. मग थंडी वाजून ताप आला. तिचा मुलगा वाल्मिक तिला मोटारसायकलवर बसवून बाजारातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं सुई दिली, गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं की उद्यापर्यंत उतार पडला नाही तर सरळ शहापूरला न्या. सकुबाईनं त्यालाही ऐकवलं, "सुई टोचायला हात थरथरतोय, न् आमाला शहापूर दाखवतोय." ताप चढलेला असतानाही ती अशी बोलत होती, म्हणून घरच्यांना फारशी काळजी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गिरजा तिला बघायला आत गेली. कपाळाला हात लावला तर कपाळ गार. नुसतं गार नाही, घामानं ओलंचिंब. हात गार, पाय गार. सकुबाईनं डोळे उघडले, सुनेकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "जेवलीस काय गो बाय?"

गिरजाचा हात तिथल्या तिथं थांबला. बाय? सासूनं तिला आजवर गिरजे म्हटलं होतं, भवाने म्हटलं होतं, किन्हवलीचं खटलं म्हटलं होतं. बाय कधीच नाही.

"ताप उतरला!" समोरच्या घरातून आलेली बाईजा आत्या अंगाला हात लावून ओरडली. बाईजा ही वाल्मिकच्या बापाची बहीण, विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि पाड्यातल्या रीतीभाती तिच्याच हातात. "न् बघा गो, तापानं जीभ पन धुऊन नेली. गिरजे, तुझा नशीब उघाडला." दारात जमलेल्या बाया हसल्या. वाल्मिकही हसला. आदल्या रात्री तो नीट झोपला नव्हता.

त्या पाड्यात एक रीत होती. ताप असेतो माणसाच्या तोंडी भात द्यायचा नाही. अंग गार पडलं की नव्या तांदळाची पेज करायची, तिची पहिली पळी उंबऱ्याबाहेर सांडायची, ही तुझी वाट, जा, असं तापाला सांगायचं, आणि मग रोग्याला पाजायची. एकदा पेज सांडली की घरात तापाचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की तो मागं फिरतो. बाईजानं स्वतः पेज रांधली, स्वतः सांडली. सकुबाईच्या तोंडाला वाटी लावली तेव्हा निम्मी पेज हनुवटीवरून गळली. "बास गो माझी लक्ष्मी," सकुबाई बाईजाला म्हणाली. या दोघी नणंदा-भावजया उभ्या जन्मात एकमेकींशी धड बोलल्या नव्हत्या.

ही आपली सासू नाही, असं गिरजाला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली. सासू गोड बोलते म्हणून घाबरणारी सून कुणी पाहिलीय? पण पाय काही ऐकेनात. वाल्मिकचा फोन उचलून ती मागच्या टेकाडावरच्या दगडावर गेली. पाड्यात रेंज फक्त त्या दगडावर येते. तिथून तिनं एकशे आठला फोन लावला. काय होतंय म्हणून पलीकडच्या बाईनं विचारलं, तेव्हा गिरजाला नीट सांगता येईना. "अंग गार पडलाय. पाय सुजलाय. न्..." सासू गोड बोलतेय, हे काय सांगायचं? ते तिनं गिळलं. पलीकडच्या बाईनं पत्ता लिहून घेतला आणि गाडी निघते म्हणाली.

ती खाली आली तेव्हा बाईजाचा चेहरा उतरला. "पेज सांडलेल्या घरात दवाखान्याची गाडी? तापाला माघारी बोलावतेस काय गो?"

वाल्मिक वाईट माणूस नव्हता. आईसाठी त्यानं जीव टाकला असता. पण आई बरी आहे असं सगळे म्हणत होते, आणि त्यालाही तेच ऐकायचं होतं. तो बायकोवर ओरडला नाही. नुसता फोन घेऊन दगडावर गेला आणि खाली येऊन म्हणाला, "सांगितला त्यांना, येऊ नका म्हणून. सुंठीवाचून खोकला गेला, उगीच त्यांना कशाला हेलपाटा?"

गिरजानं मान हलवली. घरच्या मोठ्यांनी ठरवलं, नवऱ्यानं ठरवलं, आता आपण कोण? ती कामाला लागली. आदल्या दिवशी सालीसकट उकडलेला भात वाळायला अंगणात पसरायचा होता, तो तिनं पसरला. सकुबाईला बाजेसकट ओटीवर आणून ठेवलं होतं, अंगाला ऊन मिळावं म्हणून. तिथून अख्खं अंगण तिच्या डोळ्यांसमोर होतं.

थोड्या वेळानं कोंबड्या आल्या. बाईजाच्याच कोंबड्या, निलाजऱ्या, हाकलल्या की चुलीमागून परत येणाऱ्या. त्या थेट भातात शिरल्या आणि दोन्ही पायांनी उकरू लागल्या. गिरजा पाण्याची कळशी घेऊन येत होती. ती वाट बघत थांबली. आता आवाज येईल. आता काठी भिरभिरत येईल. या कोंबड्यांवरून सकुबाईनं बाईजाच्या सात पिढ्या काढल्या होत्या, पंच बसवले होते.

सकुबाई कोंबड्यांकडे बघत होती. डोळे उघडे होते. छाती भराभर वरखाली होत होती, धावून आल्यासारखी. आणि ती हसत होती.

गिरजानं कळशी तिथंच टाकली. वाल्मिकच्या खिशातला फोन तिनं अक्षरशः हिसकावला आणि दगडाकडे धावली. या खेपेला ती बोलली. आमची सासू कुणाशी कधी गोड बोलत नाही, आज सगळ्यांशी बोलतेय, भातावर कोंबड्या आल्या तर हसतेय, काल दुपारपासून लघवीला गेली नाही, श्वास जोरात चाललाय. सगळं एका दमात सांगितलं. पलीकडची बाई हसली नाही. तिनं फक्त विचारलं की मघाशी गाडी नको कुणी सांगितलं. मग म्हणाली की ती गाडी दुसऱ्या केसवर गेली, अडलेल्या बाईला घेऊन मुरबाडला. आता तिथूनच फिरून येईल, थोडा वेळ लागेल.

तो वेळ कसा गेला ते गिरजाला विचारू नये. वाल्मिक ओटीवर उकिडवा बसून आईचा गार पाय चोळत होता, आणि चोळताना पहिल्यांदा त्याच्याही लक्षात आलं की पाय गार असला तरी नडगीभोवतीची कातडी काळीनिळी झालीय.

गाडी शाळेपाशी थांबली. हितेश नावाचा ड्रायव्हर, त्याला हे लोक पायलट म्हणतात, स्ट्रेचर घेऊन चढ चढून आला, आणि त्याच्यापुढे डॉक्टर संघरत्ना. वयानं गिरजाएवढीच, केस घट्ट बांधलेले, बुटांना मुरबाडकडची धूळ. ओटीवर बाईजा आडवी उभी होती. "बाय, तुमी आलात तर आलात. पन ताप गेलाय तिचा. पेज सांडलीय आमी."

संघरत्नाला घाई होती, पण तिनं त्या म्हातारीचा अपमान केला नाही. "ताप खरंच गेला असता ना आजी, तर त्या उठून बसल्या असत्या," एवढंच म्हणून ती बाजूनं बाजेपाशी गेली. सकुबाईच्या बोटाचं नख तिनं दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पांढरंच राहिलं, रंग परत यायला फार वेळ लागला. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला तर त्यावर आकडाच येईना, बोट इतकं गार. रक्तदाब बघितला, श्वास मोजला, पायाची चिंधी सोडली. चिंधी सोडल्यावर जो वास आला त्यानं दारातल्या बाया मागं सरकल्या.

"जखमेचं विष रक्तात पसरलंय," ती वाल्मिकला म्हणाली. "सेप्सिस म्हणतात याला. ताप उतरलेला नाही दादा. अंगात ताप काढायचीही ताकद उरली नाही म्हणून गार पडल्यात. चला, उचला."

"तुमच्यावाणी लेक पायजे होती मला," सकुबाई तिला गोड आवाजात म्हणाली. वाल्मिकनं तोंड फिरवलं.

गाडीत नातेवाईक एकच बसेल म्हटल्यावर वाल्मिक मोटारसायकलवर मागून निघाला आणि आत गिरजा बसली. संघरत्नानं सासूच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला. शीर सापडेना. वळणावळणाच्या त्या रस्त्यावर एका हातानं दांडा धरून ती शीर शोधत राहिली, हितेशला तिनं जरा थांबायला सांगितलं, आणि गाडी थांबल्यावर सुई लागली. सलाईन धो धो सोडलं. मग दुसऱ्या हाताला दुसरं. पाठोपाठ तिनं शहापूरच्या दवाखान्यात फोन लावला. साठीची बाई, पायाच्या जखमेतून सेप्सिस, प्रेशर लागत नव्हतं, पाणी सुरू केलंय. खाट रिकामी ठेवा, अँटिबायोटिक भरून ठेवा, दारात केसपेपरसाठी थांबवू नका. बोलताना तिचा आवाज सकुबाईसारखाच चढला होता.

"ते औषध आत्ताच द्या ना," गिरजा म्हणाली.

"ते माझ्या पेटीत नाही ताई. माझ्याकडे पाणी आहे आणि हवा आहे. औषधापर्यंत त्यांना जिवंत पोचवायचं, एवढंच माझं काम." मग तिनं गिरजाचा हात धरून सासूच्या खांद्यावर ठेवला. "तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. काहीही बोला. झोपू देऊ नका."

गिरजाला बोलायला सांगायचं! इतक्या वर्षांत त्या घरात तिनं उत्तरं दिली होती, स्वतःहून बोलली नव्हती. पिशवीतलं पाणी उतरत होतं. बाहेर कापलेली वावरं मागं पळत होती. शेवटी मनात होतं तेच तिच्या तोंडून निघालं. "आई, भात अंगणात तसाच राहिला. उचलला नाय मी."

काही झालं नाही. ती तेच पुन्हा पुन्हा बोलत राहिली. भात राहिला आई. उकडलेला भात. कोंबड्या सुटल्यात. एक पिशवी संपली, संघरत्नानं दुसरी टांगली, दंडाचा पट्टा फुगवला, मान हलवली. किन्हवलीकडे वळणारा फाटा आला. इथून गिरजाचं माहेर जवळ. तिनं सवयीनं खिडकीबाहेर बघितलं.

"तिकडं काय बघतेस?"

आवाज मास्कच्या आतून आला होता, खरखरीत, ओढलेला. गिरजा वळली. सकुबाईच्या कपाळाला आठी पडली होती. ती खरी आठी, तिच्या ओळखीची.

"भात टाकून आलीस? अंगणात? कोंबड्या काय तुझ्या बापानं पाळल्यात? त्या बाईजाच्या कोंबड्या, एक दाना ठेवायच्या नायत... म्हशीला पानी दाखवलास? नायच दाखवलास, ठाव हाय मला." दम लागला, थांबली, पुन्हा सुरू. "न् त्याला सांग गाडी नीट हाक. माझी हाडं हायत, सरपन नाय. आन पदर घे डोक्यावर. बाहेरची मानसं हायत समोर. आयशीनं काय शिकवलाच नाय..."

"घेते आई. घेते." गिरजानं पदर डोक्यावर ओढला, आणि पदराआड तिला रडू आवरेना. ती सासूवर ओणवी झाली, तिच्या छातीवर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. रडत होती आणि हसत होती.

"काय गो, बोंबलतेस कशाला? मेले नाय अजून."

पुढं हितेश मोठ्यानं हसला. संघरत्नानं पट्ट्यावरचा आकडा बघितला, नख पुन्हा दाबून सोडलं, रंग आला. "आल्या आजी परत," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "पहिल्या फोनला आम्ही..." आणि ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. गिरजानं ते मनातल्या मनात पुरं केलं, आणि त्या दिवसापासून ते तिच्याजवळच राहिलं.

मागच्या काचेतून वाल्मिकला दिसली ती आईच्या छातीवर डोकं टेकून हलणारी बायको. आवाज त्याला येणार नव्हता. त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं.

शहापूरला दारात माणसं उभी होती. खाट तयार होती, औषध भरलेलं होतं, पोचल्या पोचल्या शिरेत गेलं. संघरत्नानं एवढं मात्र मिळवून दिलं होतं. पण उतरवता उतरवता सकुबाईची मान पुन्हा कलली, आणि वाल्मिक गाडी लावून आत धावत आला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. ते परत उघडले नाहीत. तिथून ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तिचं अंग लढलं, दोन दिवस लढलं, सगळे लढले. आधी मूत्रपिंडं थांबली, मग बाकीचं. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." वाल्मिकनं ते ऐकलं आणि मान हलवली. हे सगळ्यांनाच म्हणतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

येणाऱ्याजाणाऱ्याला तो एकच सांगायचा: आई घरीच गेली होती, गाडीत आम्ही कुडी नेली. ओटीवर हसत होती, तेव्हाच तिनं सगळं सोडलं होतं. पुढं कुणाच्या हातात काही नव्हतं. असं सांगितलं की त्याला दोन घास जात. गिरजा आतून ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. सासूचे ते शब्द तिच्या ओठांपर्यंत येत आणि ती ते गिळी. ते बाहेर पडले असते तर आई गाडीत जागी होती हे कळलं असतं. नुसत्या पाण्यानं जागी झाली हे कळलं असतं. मग पहिली गाडी परत पाठवणाऱ्यानं कुठं तोंड लपवायचं?

दहाव्याला पाड्यातली आणखी एक रीत. मेलेला माणूस घरच्यांशी जे शेवटचं बोलला ते चारचौघांत सांगायचं, म्हणजे तो घरात राहतो. ओढ्यावरून परतल्यावर सगळे अंगणात बसले. बाईजानं विचारलं, "काय बोलली रे तुझी आय?"

"जेवलीस काय गो बाय," वाल्मिक म्हणाला. "सुनेला."

बायांनी डोळ्यांना पदर लावला. जाता जाता सगळा कडवटपणा धुऊन गेली बाय, असं कुणी म्हणालं. सुनेचं नशीब, असं कुणी म्हणालं. बाईजा मात्र जमिनीकडे बघत होती, आणि गाडी आली त्या दिवसापासून तिच्या कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या होत्या. गिरजानं खाली मान घालून सगळ्यांना चहा दिला.

ऊन कलल्यावर माणसं गेली. अंगणात पुन्हा भात वाळत घातलेला होता. गिरजा तो पायलीनं पोत्यात भरत होती. वाल्मिक येऊन तिच्यासमोर बसला आणि पोत्याचं तोंड धरलं. दोघं भरत राहिले.

"गिरजा," तो म्हणाला, "मला एक होतंय गो. कुनाला सांगता येत नाय. आईची आठवन काढायला बसतो न् ती आठवतच नाय. ते गोड बोलनं आठवतं. जेवलीस काय गो बाय. तशी कधी बोलली काय ती? कोन परकी बाई आनून जाळली, असा वाटतं." त्याचा आवाज फाटला. "माझी आई कुठं गेली?"

गिरजाच्या हातातली पायली थांबली. आत्ता गप्प राहिलं तर नवरा उद्या जेवेल, परवा कामाला जाईल, हळूहळू विसरेल. पण आई त्याला कधीच सापडणार नाही. आणि बोललं तर आई मिळेल, आणि तिच्याबरोबर दुसरंही मिळेल, जन्मभर पुरणारं. तिनं त्याच्याकडे बघितलं. तो वाट बघत होता.

"गाडीत बोलल्या त्या," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"किन्हवलीच्या फाट्यावर. डोळे उघडले न् म्हणाल्या, तिकडं काय बघतेस? भात टाकून आलीस? कोंबड्या काय तुझ्या बापानं पाळल्यात?" सांगता सांगता गिरजाचा आवाज चढला, खरखरीत झाला. तिला ते जमतंय हे तिलाच ठाऊक नव्हतं. "म्हशीला पानी दाखवलास? नायच दाखवलास, ठाव हाय मला. न् त्याला सांग गाडी नीट हाक. माझी हाडं हायत, सरपन नाय. पदर घे डोक्यावर. आयशीनं काय शिकवलाच नाय. मी रडले तर म्हणाल्या, बोंबलतेस कशाला, मेले नाय अजून."

वाल्मिकच्या तोंडातून हसू फुटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा. हां, हीच, हीच ती, असं तो म्हणत राहिला आणि मांडीवर थाप मारत राहिला. आणि मग ते हसू कुठंतरी मधेच अडलं.

"म्हंजे जागी होती."

"होत्या."

"सलाईन लावल्यावर."

"हो."

त्यानं पोत्याचं तोंड सोडलं नाही. दोन्ही मुठी आवळून तसाच धरून राहिला, आणि गालांवरून पाणी वाहू लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. गिरजानं त्याला समजावलं नाही. तुमची चूक नव्हती, असं ती म्हणाली नाही, कारण ते खोटं झालं असतं, आणि खोटं गोड बोलणं या घरात आता कुणाला नको होतं. तिनं नुसता त्याच्या मुठीवर हात ठेवला.

मग तो म्हणाला, "परत सांग."

गिरजानं पदर डोक्यावर घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.